अक्कांचा हिरवा दिवा

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्या काळात एक म्हणच पडून गेली होती : अक्का रडल्या की नोकरी गेली.

म्हण खोटी नव्हती. आवर्त पंप्सच्या पहिल्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत कांचनमाला मगदूम बसत. समोर पडदा, कपाळावर करड्या रंगाची मऊ पट्टी, टेबलावर सुपारीएवढा दिवा. पडद्यावर कुणाची तरी माहिती उघडायची. अक्का ती वाचायच्या, थांबायच्या, पुन्हा वरपासून वाचायच्या. डोळे भरून यायचे आणि दिवा हिरवा व्हायचा. दिवा हिरवा झाला की कायद्याचं समाधान झालं. मग त्या माणसाला कामावरून कमी करायला कुणाची हरकत उरत नसे.

हा दिवा कसा आला ते आधी सांगायला हवं.

कुणाला ठेवायचं आणि कुणाला कमी करायचं हे बऱ्याच कंपन्यांत यंत्रच ठरवू लागलं होतं. हजेरी, वेग, चुका, आजारपणाच्या रजा, येत्या वर्षीची मागणी असं सगळं जमेला धरून ते एक नाव काढून द्यायचं. त्यावर ओरड झाली तेव्हा कायदा आला. यंत्रानं शिफारस करावी, निर्णय मात्र माणसानं विचार करून घ्यावा. कंपन्यांनी माणसं बसवली. ती माणसं बिस्किटं खात खात ‘मान्य, मान्य, मान्य’ दाबत सुटली. मग न्यायालयात प्रश्न उभा राहिला, की विचार केला हे कशावरून? त्याचं उत्तर म्हणून नियमांत पट्टी आली.

तिचं शास्त्र तसं समजायला अवघड नाही. मेंदूच्या पुढच्या भागात, मधोमध, एक जागा असते. दोन गोष्टी मनाला दोन दिशांना ओढू लागल्या की तिथून एक संथ लहर उठते. उपासाच्या दिवशी विसरून घास तोंडात टाकला आणि मग आठवलं, की गिळावा की टाकावा असं होतं ना, त्या क्षणी ती उठते. कुलूप लावताना, चहात साखर घालताना उठत नाही, कारण तिथं हात सवयीनं चालतो. पट्टी ही लहर कपाळावरून टिपते. ती पुरेसा वेळ उठली तर दिवा हिरवा, नाही तर पांढरा. पट्टीला न्याय कळत नाही, दयाही कळत नाही. तिला ओढाताण तेवढी कळते.

नियम असा होता. दिवा हिरवा झाला तर अधिकाऱ्यानं ‘ठेवा’ किंवा ‘कमी करा’ सांगायचं. ‘ठेवा’ म्हटलं तर यंत्र लगेच पुढचं नाव काढून देणार, कारण किती माणसं कमी करायची ते वरून ठरून आलेलं. दिवा पांढरा राहिला तर बैठक बाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. लागोपाठ तीनदा पांढरा राहिला तर सगळं प्रकरणच बाद. मग त्या नावाला वर्षभर हात लावायचा नाही आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्या कुणालाही काढायचं नाही.

आवर्तचे कारखानाप्रमुख घोरपडे साहेब आधी स्वतःच पट्टी लावून बसले. दिवा ढिम्म पांढरा. साहेबांचं मन खोलीत शिरण्याआधीच ठरलेलं असायचं, ओढणार कोण? त्यांची प्रकरणं एकामागून एक बाद झाली. मुख्य कचेरीतून फोन आल्यावर त्यांनी कँटीनमध्ये टेबल मांडलं आणि रक्तदाब तपासायच्या शिबिरासारखी एकेकाला पट्टी लावून बघितली. कार्मिक विभागातल्या कांचनमाला मगदूम बसल्या. साहेबांनी सरावासाठी एक मनानं रचलेलं नाव त्यांच्यापुढे ठेवलं. दिवा हिरवागार.

“अक्का, हा माणूस खोटा आहे हो,” साहेब हसले. “असा कुणी नाहीच.”

“असू दे,” अक्का डोळे टिपत म्हणाल्या. “पण असता तर...”

त्या ‘असता तर’वर त्यांची नेमणूक झाली.

अक्कांना तेव्हा ते देवाचंच काम वाटलं होतं. कुणी तरी बिस्किटं खात माणसं काढणार, त्यापेक्षा आपण नीट विचार करू, जमेल त्याला वाचवू. पहिल्या महिन्यात त्यांनी दोघांना ‘ठेवा’ म्हणून सांगितलं. दोन्ही वेळा यंत्रानं पुढचं नाव दिलं आणि ते आधीच्यापेक्षा जास्त करुण निघालं. मग त्यांनी ‘ठेवा’ म्हणणं हळूहळू सोडलं. रडणं मात्र सुटलं नाही. रडण्यात खोट नव्हती, हेच तर वाईट होतं.

त्यांचे रोजचे नेम कडक होते. पहाटे सामायिक, म्हणजे राग-लोभ बाजूला ठेवून मन समतोल करून बसणं. पाणी गाळलेलंच. सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही. संध्याकाळी दिवसभराच्या दोषांची आठवण काढून पश्चात्ताप. पहिल्यापासून त्यांचं मन चुका शोधायला सरावलेलं. मुंगी पायाखाली आली का, शब्द वेडावाकडा गेला का. साहेब बाहेरच्या लोकांना कौतुकानं सांगायचे, “आमच्या अक्कांचं मन म्हणजे सोनाराचा काटा. जरा फुंकर मारा, हललाच!”

सूर्यास्ताच्या नेमामुळंच त्यांची आणि शमशादची मैत्री झाली. शमशाद मुजावर मिरजेची, पॅकिंग विभागाची सुपरवायझर. कँटीनच्या पश्चिमेच्या खिडकीशी अक्का दिवस असेतो घाईघाईनं डबा संपवायच्या. पहिल्या वर्षी रोज्यांच्या दिवसांत शमशाद त्याच टेबलाशी खजूर पुढ्यात घेऊन सूर्य कधी जातो याची वाट बघत बसली होती.

“तुझं आटप की गं लवकर,” ती म्हणाली होती. “तू थांबलीस की माझं सुरू. मला भूक लागलीय.”

तेव्हापासून ते टेबल दोघींचं. शमशादच्या घरचा चहा अक्का घेत नसत, पाणी गाळलेलं नाही म्हणून. त्याचं शमशादला वाईट वाटलं नाही. ती केळं ठेवायची. “केळं देवानंच गाळून पाठवलंय,” म्हणायची.

भाद्रपदात, जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व चालू असताना, एका सोमवारी पडद्यावर नाव उघडलं : शमशाद मुजावर, पॅकिंग.

कारणं यंत्रानं सरळ लिहिली होती. गुडघ्याच्या दुखण्याच्या रजा. नवी पॅकिंगची यंत्रं दिवाळीआधी येणार. एक सुपरवायझर जास्त होतो. अक्कांनी वाचलं. शमशादच्या घरात तेवढाच एक पगार येत होता, हे पडद्यावर नव्हतं, ते अक्कांना ठाऊक होतं. ‘ठेवा’ म्हटलं तर पुढचं नाव येणार, तेही कुणाच्या तरी घरचं. तिला वाचवलं तर मैत्रीण म्हणून वाचवलं असं होईल. नाही वाचवलं तर... डोळे भरले. दिवा हिरवा झाला, इतका चटकन, की अक्कांना स्वतःचीच भीती वाटली.

कायद्यात एकदा तहकुबी मागायची सोय होती. त्यांनी ती मागितली. पुढच्या सोमवारची तारीख पडली.

“अहो, लागला की हिरवा!” साहेब म्हणाले. “सांगून मोकळ्या व्हायचं.”

“आज मला सांगता येत नाही.”

“बरं, बरं. तुमचं पर्व चाललंय. पण अक्का, तुमच्यामुळं आपल्या कंपनीची इज्जत आहे. आमचं एकही प्रकरण न्यायालयात पडलेलं नाही. पापभीरू कंपनी म्हणतात लोक आपल्याला.”

अक्कांनी ठरवलं, दिवा पांढरा ठेवायचा. तीनदा पांढरा म्हणजे शमशादही वाचली आणि पुढचं नावही आलं नाही. उपाय हाताशी होता. सामायिकात मन सपाट होतं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पाटावर बसल्या आणि लगेच मनात आलं, आपण हे कायद्याला फसवायला करतोय. धर्माचं हत्यार करतोय. मन पाण्यात खडा टाकावा तसं गढूळ झालं. पट्टी नसतानाही त्यांना कळत होतं, की आत्ता दिवा हिरवा असता.

मग त्यांना क्षमावाणीची आठवण झाली. पर्व संपल्यावर त्यांच्यात सगळे एकमेकांची क्षमा मागतात. गेल्या वर्षी बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, त्या अशाच रांगेनं हात जोडत चालल्या होत्या आणि पुढे त्रिशला उभी राहिली. बाळगोंडा नरद्यांची बायको. बाळगोंडाला अक्कांच्याच सहीनं उन्हाळ्यात कमी केलं होतं.  अक्कांनी हात जोडले, त्रिशलानंही जोडले. शब्द दोघींनी ठरलेलेच म्हटले. त्या रात्री अक्कांना गाढ झोप लागली. मनावरचा दगड उतरला म्हणतात तसा तो उतरला होता.

तसाच आत्ताही उतरेल. शमशादनं क्षमा केली तर मन शांत होईल. मन शांत झालं की दिवा पांढरा.

क्षमावाणीच्या दिवशी बस्तीतलं आटोपून त्या मिरजेला किल्ला भागात गेल्या. शमशाद ओट्यावर मेथी निवडत बसली होती.

“ये. चप्पल राहू दे पायात, फरशी ओली आहे. बरं काढ, तू कुठं ऐकणार.”

अक्कांनी उभ्यानंच हात जोडले. “शमशाद, वर्षभरात कळत नकळत माझ्याकडून तुझं मन दुखावलं असेल, तर...”

“थांब.” शमशादनं मेथीची जुडी खाली ठेवली. “दरवर्षी तू येतेस, हेच म्हणतेस. मी म्हणते, हो गं बाई. आणि तुला केळं देते. यंदा केळं नाही. यंदा नीट सांग. काय केलंस?”

“अजून काही केलं नाही.”

“म्हणजे करायचं आहे.”

अक्कांनी जोडलेले हात खाली घेतले. पडद्यावरचं नाव बाहेर सांगायला कायद्यानं बंदी होती.

“सांगू नकोस. नोकरी जायची तुझी. सोमवारपासून तू खिडकीशी जेवायला आली नाहीस. इतक्या वर्षांत ताप आला तरी आली होतीस. मला काय कळत नाही?” तिनं बारीक नजरेनं पाहिलं. “माझ्यासाठी रडलीस?”

अक्कांचे डोळे पुन्हा भरले.

“अगं थांबव ते!” शमशाद ओरडली. “माझ्याच घरात बसून माझी नोकरी घालवतेस होय?”

दोघींना हसू आलं. हसता हसता अक्का खाली बसल्या आणि मनातलं बोलून गेल्या. नाव न घेता, पण सगळं. तू मनापासून क्षमा केलीस तर माझं मन शांत राहील. दिवा पांढरा राहील. तीन दिवस राहिला की झालं.

शमशादनं जुडी पुन्हा उचलली. मेथीची पानं खुडत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे माझी नोकरी वाचवायची तर मीच तुला माफ करायचं. आणि वर मनापासून.”

“तसं नव्हे गं...”

“तसंच आहे. बघ हं. केलं माफ. झालं?”

दोघींनाही कळलं, की झालं नव्हतं.

“मला एक सांग,” शमशाद म्हणाली. आता तिच्या आवाजातली थट्टा गेली होती. “बाळगोंडाचं नाव आलं तेव्हा रडलीस?”

“खूप.”

“मग खिडकीशी येऊन जेवलीस ना?”

“दिवस होता तोवर... हो.”

“जेवण गेलं?”

“रडून घेतलं की जरा हलकं...” वाक्य अक्कांच्या तोंडातच राहिलं.

“बघ. घोरपडे न रडता काढत होता, तू रडून काढतेस. गडी दोन्हीकडून घरीच जातो. फरक एवढाच, की घोरपडेनं काढलेलं कायद्यात टिकत नव्हतं. तू काढलेलं टिकतं. तुझं रडणं वापरलं जातंय कांचन, आणि तुला वाटतं आपलं मन जागं आहे.”

अक्कांची कानशिलं तापली. आजवर कुणी त्यांना असं बोललं नव्हतं. त्यांच्या हळव्या मनाचं सगळ्यांनी कौतुकच केलं होतं, त्यांनी स्वतःही.

“आता शेवटचं विचारते,” शमशाद म्हणाली. “नाव-गाव राहू दे. तुझ्या मते मला काढायला पाहिजे?”

“नाही!”

“थोडंसुद्धा नाही?”

“अजिबात नाही.”

“मग विचार कसला करतेस?”

त्या दिवशी केळं मिळालं नाही. माफीही मिळाली नाही. अक्का मिरजेहून परत आल्या त्या हा एक प्रश्न घेऊन.

सोमवारी खोलीत शिरण्याआधी त्यांनी सामायिक केलं नव्हतं. ते पहाटेच, नेहमीच्या वेळी, नेहमीसारखं झालं होतं. ते दिव्यासाठी नव्हतं. पट्टी लावली. नाव उघडलं. गुडघा, रजा, नवी यंत्रं. अक्कांनी सगळं वाचलं. इतके दिवस त्या हे तराजूच्या एका पारड्यात टाकायच्या आणि दुसऱ्यात माणूस. आज त्यांनी तराजूच उचलला नाही. शमशादला काढू नये. यात तोलायचं काय होतं?

दिवा पांढरा राहिला.

वेळ संपल्यावर साहेबांनी येऊन पट्टी बदलून बघितली. मग स्वतःच्या कपाळाला लावून बघितली. “तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे साहेब.”

मंगळवारीही पांढरा. त्या दिवशी अक्का संध्याकाळी खिडकीपाशी जेवायला गेल्या. शमशाद समोर येऊन बसली. काही विचारलं नाही. फक्त अक्कांच्या डोळ्यांकडे पाहिलं, ते कोरडे होते, आणि स्वतःचा डबा उघडला.

बुधवार राहिला होता.

बैठकीच्या वेळी खोलीत दुसरं कुणी नसावं असा नियम होता. दारात उभं राहू नये असं मात्र नियमात नव्हतं. घोरपडे साहेब दार धरून उभे राहिले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनाही वरून फोन यायचे.

“एक विचारू का अक्का? रागावू नका. शमशादसाठी तुमच्या मनात काहीच हलत नाही?”

अक्का पडद्याकडे पाहत राहिल्या.

“मैत्रीण ना ती तुमची? मग मला वाटतं, मैत्रीण म्हणूनच हा दिवा पांढरा. बाळगोंडासाठी हिरवा लागला होता. ती देसायांची पोरगी, तिच्यासाठी लागला. तो वेल्डर, तिघा पोरांचा बाप, त्याच्यासाठी तर धो धो रडलात. त्या कुणासाठी हा पांढरा तुम्हाला सापडला नाही. आपल्या माणसासाठी बरोबर सापडला.”

शब्द हळू आवाजात आले होते, पण ते जिथं जायचे तिथं गेले.

कारण ते खरं होतं. जे शमशादसाठी करता आलं, ते बाळगोंडासाठीही करता आलं असतं. तेव्हाही मनाशी एवढंच म्हणायचं होतं, की याला काढू नये. तीन दिवस तेवढ्यावर उभं राहायचं होतं. मग पुढचं नावही आलं नसतं. जे जे कमी झाले, त्यांतला प्रत्येक जण वाचला असता. आणि आपण प्रत्येकासाठी रडलो.

दिव्याच्या कडेला हिरवट छटा आली.

अक्कांना ती दिसली.  मन भराभर बोलू लागलं. तेव्हा मला हे कळलं नव्हतं. मी नसते तर दुसरं कुणी बसलं असतं. मी निदान रडले तरी. दुसऱ्या दिवशी मी उपास केला होता. बाळगोंडाची बायको बस्तीत हात जोडून उभी राहिली, म्हणजे तिनं... एकेक कारण उठे आणि त्याच्यावर दुसरं मन म्हणे, पण. हिरवा रंग कडेवरून आत सरकत होता. आणखी थोडा सरकला असता तर बैठक पक्की झाली असती. मग ‘ठेवा’ म्हणायचं, पुढचं नाव घ्यायचं आणि सगळं पहिल्यापासून.

आणि तिथंच अक्कांना एक गोष्ट दिसली. मनाला ओढत होता तो त्यांचा अपराध नव्हे. ओढत होती त्यांची वकिली. एक मन आरोप करत होतं, दुसरं बचाव, आणि त्या भांडणालाच त्या आयुष्यभर पश्चात्ताप म्हणत आल्या होत्या. भांडणात दोन्ही बाजूंना त्याच होत्या. बाळगोंडा त्यात कुठंच नव्हता.

त्यांनी बचाव थांबवला. पश्चात्तापाचं वाक्य त्यांना लहानपणापासून पाठ होतं, पण त्यांनी ते म्हटलं नाही. आतल्या आत, साध्या बोलण्यात, एवढंच म्हणाल्या : होय. काढायला नको होतं. मी काढलं.

पुढे ‘पण’ जोडला नाही.

फार दुखलं. याआधी कधी दुखलं नव्हतं इतकं. पण ते एकाच जागी दुखत होतं. दोन्हीकडून ओढणारं काही उरलं नव्हतं. डोळ्यांत पाणी नव्हतं. दिव्यातला हिरवा रंग मागं मागं सरकत कडेशी गेला आणि नाहीसा झाला.

वेळ संपल्याची घंटी वाजली. पांढरा.

“बाद,” साहेब दारातून म्हणाले.  “अक्का, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

“माझीही नव्हती साहेब.” त्यांनी पट्टी काढून घडी केली आणि दिव्याशेजारी ठेवली. “उद्यापासून मी खालीच बसते. हजेरीचं काम बघते.”

“तुमच्यासारख्या काही कमी नाहीत,” साहेब म्हणाले. रागानं नव्हे, थकून. “देवळांबाहेर रांगा लागल्यात.”

त्याच आठवड्यात वसाहतीच्या फलकावर आवर्तची जाहिरात लागली. मानवी विचार अधिकारी पाहिजे. हळव्या स्वभावास प्राधान्य.

शमशादनं टेबलावर केळं ठेवलं तेव्हा अक्कांनी ते घेतलं, पण सोललं नाही. “मला जायचंय,” म्हणाल्या.

“कुठं?”

“बुधगावला.”

शमशाद समजली. “मी येऊ?”

“नको.”

बाळगोंडाचं घर रस्त्याला लागूनच होतं. अंगणात शाळेच्या मुलांची ने-आण करायची रिक्षा उभी होती. दारात त्रिशला. तिनं अक्कांना पाहिलं, पदर सावरला, सवयीनं हात जोडले. “जयजिनेंद्र. या.”

अक्का जोत्यावरच थांबल्या. “त्रिशला, बाळगोंडांना कामावरून मी काढलं.”

“माहीत आहे की.”

“काढायला नको होतं. मला थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही.”

त्रिशला त्यांच्याकडे बघत राहिली. “हे गेल्या वर्षी बस्तीत का नाही म्हणालात?”

“तेव्हा मला वाटलं, तुम्ही क्षमा केलीत.”

“मी सगळ्यांनाच हात जोडत होते अक्का. रांग होती.”

आतून बाळगोंडा टॉवेलनं हात पुसत आला. त्यानं ऐकलं असावं. वय झालं नव्हतं, पण खांदे उतरले होते.  मग त्यानं विचारलं, “शमशादभाभीचं वाचलं म्हणतात, खरं काय?”

“खरं.”

“बरं झालं. गुडघ्यानं बेजार असते ती.” त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. “मग माझ्या वेळेला?”

“तुमच्या वेळेलाही होण्यासारखं होतं.”

ते वाक्य तिथं संपलं. बाळगोंडा वाट बघत होता, की अक्का आणखी काही सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. तो रिक्षाकडे गेला आणि चाकाची हवा बघायला वाकला. हवा ठीक होती. तरी तो वाकूनच राहिला.

उन्हं शेजारच्या भिंतीवरून वर सरकत पत्र्याच्या कडेला पोचली होती. त्रिशलानं एकदा पश्चिमेकडे पाहिलं.

“क्षमेचं मला आज काही सांगता यायचं नाही अक्का,” ती म्हणाली. “उद्याचंही माहीत नाही. पण दिवस चाललाय, आणि तुम्हाला घर गाठेतो अंधार होईल. पाणी गाळलेलं आहे. आत या, जेवून घ्या.”

अक्का आत गेल्या. तिनं पाट मांडला, ताट ठेवलं. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, चटणी. बाहेर बाळगोंडा अजून रिक्षापाशीच होता. अक्कांनी घास तोडला. तो घशाशी अडला. आत्ता रडता आलं असतं तर उतरला असता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या रडल्या नाहीत. पाण्याचा घोट घेऊन त्यांनी तो घास गिळला आणि दुसरा तोडला.

त्रिशलानं न विचारता आणखी अर्धी भाकरी वाढली. अक्कांनी हात आडवा केला नाही.